तिसऱ्या ओळीतल्या चपला

डोळे मिटून बराच वेळ झाला, तरी रत्नाबाईंना काही म्हणता काही दिसेना.

पौडच्या एसटी स्टँडमागच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात आज त्या पहिल्यांदाच पुढे, थेट पाळकसाहेबांच्या समोर बसल्या होत्या. एरवी त्यांची जागा दाराशी. अकरा वर्षं झाली. चपला ओळीत लावायच्या, म्हाताऱ्यांना पायरीवर हात द्यायचा, कुत्र्यांना हुसकायचं. आणि सगळी मंडळी डोळे मिटून प्रार्थना करायची तेव्हा आपले टक्क उघडे ठेवायचे. आठवडाभर त्या शाळेत खिचडी शिजवत, आणि देवाने आपल्याला कशासाठी बोलावलंय, ते पाचारण-बिचारण तिथे कुणाला विचारायची सवड नव्हती.

पुढे बसायचं खूळ डोक्यात घातलं ते स्नेहलने. महाळुंग्याच्या नव्या सोसायटीत राहणारी, कंपनीत कामाला जाणारी, आणि गळा असा की ऐकायला पंखेसुद्धा हळू फिरावेत. गेल्या रविवारी तिने साक्ष दिली, की प्रार्थनेत तिला एक पिकलेलं शेत दिसतं आणि देव तिला नावाने हाक मारतो. सगळे 'आमेन' म्हणाले. रत्नाबाईही म्हणाल्या. पण मग आठवडाभर खिचडी ढवळताना एकच चाळा. शेत कुणाचं? भात की ज्वारी? आणि देव हाक मारतो ती काय म्हणून, स्नेहल की स्नेहलताई?

शेवटी आज दारातच त्यांनी तिला गाठलं.

"मला येक सांग. डोळं मिटल्यावर लगीच दिसतं, का थांबाया लागतं?"

स्नेहल हसली नाही, हे तिचं मोठेपण. "आजी, तुम्ही पुढे बसून तर बघा."

"आन दारात कोन?"

"एका रविवारी काय होतंय?"

म्हणून त्या बसल्या. आधी नुसता अंधार. मग एक नारिंगी ठिपका, पण तो दिव्याचाच असणार. आणि मग, अगदी लख्ख, चपला दिसल्या. आत येण्याआधी सवयीने लावलेल्या. मंडळीतल्या दादासाहेबांचे करकरीत बूट. स्नेहलचे पांढरेशुभ्र शूज. आणि तिसऱ्या ओळीत, खांबाजवळ, एक रिकामी जागा.

रत्नाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. लोकांना शेतं दिसतात, आपल्याला चपला. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. पुन्हा तीच रिकामी जागा.

ती गंगूबाईंची होती. निळ्या स्लिपर, डाव्या पट्ट्याला सेफ्टीपिन. गंगूबाई जवळच्याच कासार-आंबोली गावात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत एकट्या राहून राखण करत, आणि एकही रविवार चुकवत नसत. तापातसुद्धा आल्या होत्या.

रत्नाबाई भर प्रार्थनेत उठल्या. गुडघा कडाडला. स्नेहलने एक डोळा उघडला.

"गंगूबाई न्हाई आली," रत्नाबाई कुजबुजल्या.

दारात येऊन त्यांनी पाहिलं. खांबाजवळची जागा अजून रिकामीच होती. त्या तशाच एसटीत बसल्या.

बंगल्याला कुलूप होतं. मागच्या खोलीचं दार मात्र लोटलेलं. आत मोरीत गंगूबाई पडल्या होत्या, पहाटेपासून. कंबर हलत नव्हती, ओठ सुकलेले. रत्नाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं.

"आता मालक येईस्तवर कोन बगतंय, असंच वाटलं," गंगूबाई थांबत थांबत बोलल्या. "मग म्हनलं, रत्ना हाय दारात. तिला कळल."

आज आपण दारात नव्हतोच, हे सांगायला रत्नाबाईंची जीभ रेटली नाही. त्या फक्त गंगूबाईंचे केस मागे सारत राहिल्या, आणि मग शेजारच्या बंगल्यावरच्या ड्रायव्हरला हाका मारायला बाहेर धावल्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी रत्नाबाईंना साक्ष द्यायला पुढे बोलावलं. दवाखान्यातून गंगूबाईंचं ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला होता, आणि झालेली गोष्ट तोवर सगळ्यांच्या कानावर गेली होती.

"मला दारात काम हाय," रत्नाबाई म्हणाल्या.

काम होतंच. पुन्हा चालता येईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते, पण गंगूबाईंनी एक पिशवी धाडली होती. रत्नाबाईंनी ती सोडली आणि निळ्या स्लिपर तिसऱ्या ओळीत, खांबाजवळ ठेवल्या.

आत प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. सेफ्टीपिनवाली चप्पल जरा तिरकी वाटली, तशा रत्नाबाई वाकल्या आणि त्यांनी ती सरळ केली.