मी पुलेशु, रिठदच्या त्या लेखाखालची

मी पुलेशु बोलतेय. पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली ती एवढ्याशा गोष्टीने, की माझ्या खाली 'धन्यवाद' आलं नाही.

आमच्या जगात तो रिवाजच होता. कुणी ब्लॉगवर लिहिलं की वाचणाऱ्याने खाली प्रतिसाद द्यायचा, शेवटी मला ठेवायचं, आणि लिहिणाऱ्याने एकदोन दिवसांत 'धन्यवाद' म्हणायचं. 'रानभूल' या नावाने लिहिणारी ती बाई तर यात कधीच चुकायची नाही. या वेळी मात्र आठवडा गेला, पोळा गेला, दिवाळीही गेली. मी आपली खालच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले.

माझा जन्म कंटाळ्यातून झाला. तेव्हा मराठीत टंकणं लोकांच्या जिवावर यायचं. इंग्रजी कळा दाबायच्या आणि पडद्यावर मराठी काय उमटतं ते बघायचं. त्या कंटाळ्यालासुद्धा लोकांनी नाव ठेवलं होतं, 'टंकाळा'. मग 'पुढील लेखनास शुभेच्छा' एवढं कोण टंकणार? कुणीतरी तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं उचलली आणि मी झाले. माझ्या आगेमागे अशी बरीच भावंडं जन्मली. 'हसून हसून पुरती वाट' म्हणजे हहपुवा. 'हलके घ्या' म्हणजे ह.घ्या. जे नुसतं वाचून निघून जायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत, त्यांना 'वाचनमात्र' म्हणायचे. त्यांची मला तेव्हापासून भीती. कोण बघतंय ते कळायचंच नाही.

शब्द म्हणून मी एकच, पण जिथे जिथे मला टंकलं तिथे तिथे माझा एकेक जीव अडकून राहिला. बाकीच्या पुलेशु कवितांखाली, पाककृतींखाली सुखात असतील. माझ्या वाट्याला हे पान आलं.

रानभूल म्हणजे साधना. लग्न होऊन रिठद या गावी आलेली. शिकलेली होती, म्हणून रिसोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. नवरा मोटरसायकलवर सोडायचा, न्यायला यायचा. दुपारी पोरं गेली आणि तो यायचा असला की मधल्या वेळात ती भुताच्या गोष्टी लिहायची. तुरीच्या शेतातली बाई, फाट्यावर थांबणारी रिकामी एसटी. गोष्टीत गावाचं नाव मात्र खरं घालायची. वाचणारे पुण्याचे, ठाण्याचे, एक बाई तर अमेरिकेतल्या. भीती वाटली की ते खूश व्हायचे.

तिचा शेवटचा लेख 'कडी'. मी त्याच्याच खाली राहते, त्यामुळे तो मला पाठ आहे.

"माझ्या खोलीला आता बाहेरून कडी असते. नवऱ्याने इथल्या प्रतिसादांतली पुरुषांची नावं वाचली. उद्यापासून क्लास बंद, फोनही काढून घेणार आहेत. माहेरी आम्ही दोघंच, मी आणि माझा भाऊ देवमन. तो बोअर खणायच्या गाडीवर कामाला कर्नाटकात गेलाय. क्लासच्या फोनवरून केव्हाची लावतेय, लागत नाही. खाली त्याचा नंबर देते. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी लावत राहा. लागला की एवढंच सांगा, ताईला न्यायला ये."

त्याखाली नंबर होता आणि नंबराखाली प्रतिसाद.

"जबरी! शेवटी नंबर टाकायची आयडिया भन्नाट."

"रिठद हे नाव कुठून सुचलं हो? काय भयाण वाटतं."

"क्रमशः लिहायचं राहिलं का?"

आणि अमेरिकेतल्या बाईंचा, "अंगावर काटा आला. पुलेशु."

ती मी. पुढील लेखनास शुभेच्छा. मी तिथे उमटले आणि वरचं वाचलं, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. नंबर कुणी लावलाच नाही. त्या बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी चांगल्या मनानेच मला तिथे ठेवलं होतं. पण शुभेच्छेला हाक मारता येत नाही.

मग लोक हळूहळू दुसरीकडे गेले. शेजारचे ब्लॉग एकेक करून मिटले. दुवे दाबले की पलीकडे काहीच नसायचं. साधनाने लावलेला कडुनिंबाचा फोटो एक दिवस जाऊन तिथे राखाडी चौकोन उरला. अधूनमधून कुणीतरी यायचं, डोळे नसलेलं, ओळ न् ओळ चाचपून निघून जायचं. शोधयंत्राचा तो फेरा असतो म्हणे. मी दर वेळी श्वास रोखायचे. कधी 'अनामिक' येऊन कसल्याशा गोळ्यांची जाहिरात चिकटवून जायचा. आणि सगळा वेळ माझ्या डोक्यावर तो नंबर, आणि माझ्या मनात एकच, तिची कडी उघडली का?

यंदा एका दुपारी पान उघडलं. समोर दोन पोरी होत्या. एक रुचिका, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावची, वाशिमलाच एम.ए. करणारी. जुन्या ब्लॉगांवरचे शब्द जमवणं हा तिचा प्रकल्प. दुसरी तिची खोलीतली मैत्रीण वर्षाराणी, पलंगावर बसून पोहे खात होती.

"हहपुवा," रुचिकाने वाचलं.

"हे काय, खोकल्याचं औषध हाय का?"

"हसून हसून पुरती वाट."

"मंग हसनं कमी करा म्हना. टंकायले टाइम भेटन."

रुचिका हसत हसत खाली आली. 'कडी'पाशी तिचं हसू थांबलं. तिने तो लेख वाचला, प्रतिसाद वाचले, मला वाचलं, आणि परत वर गेली.

"वर्षे, मले हे गोष्ट नाही वाटून राह्यली."

"तुले काय, सगळंच खरं वाटते. काल कुकरची शिट्टी झाली त तू मले मिठी मारली."

"अवं, रिठद लिहिलं हाय तिनं."

"मंग?"

"मंग काय मंग? रिठद खरं हाय ना. मावशी राह्यते माझी तिथं. अन् हे लोक इचारून राह्यले, नाव कुठून सुचलं."

वर्षाराणीच्या हातातली ताटली खाली गेली.

इतकी वर्षं कुणीतरी हेच म्हणेल याची मी वाट बघत होते. पुण्या-अमेरिकेला जे नाव गोष्टीतलं वाटलं, ते वाशिमच्या पोरीला एसटीच्या पाटीवरचं वाटलं. तेवढाच काय तो फरक.

रुचिकाने आधी मावशीला फोन लावला. मावशी मनकर्णाबाईंचा आवाज स्पीकरवर होता.

"क्लासमधी शिकवे ते साधना? त्या घराले त कवाचं कुलूप हाय, बाई. ते लोकं गाव सोडून गेले."

"अन् ती?"

"कोनाले माहीत. कोनी म्हने माहेरी गेली, कोनी म्हने विहिरीत..." मावशी थांबल्या. "तू कायले इचारून राह्यली? जुनं नको उकरू."

फोन बंद झाला.

"खालचा नंबर लाव," वर्षाराणी म्हणाली.

"मी? अन् कोनी उचलला त काय सांगू?"

"काय सांगायचं ते तिनंच लिहून ठेवलं ना."

रुचिकाने लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी लावला, तेच. तिसऱ्या दिवशी नुसतीच शांतता, आणि तिने घाबरून स्वतःच बंद केला. साधनाही अशीच लावत बसली असेल. रुचिका दर वेळी आधी माझं पान उघडायची. एकटीने लावायला भीती वाटते, असं ती वर्षाराणीला म्हणाली, पण मला वाटतं ती मलाही सोबतीला घेत होती.

माझं एवढंच मागणं आहे. मला कुणाच्या लेखाखाली ठेवाल तर लेख आधी शेवटपर्यंत वाचा, आणि तिथे कुणी काही मागितलं असेल तर मला बाजूला राहू द्या, ते द्या. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही.

आज ती परत बसली आहे. वर्षाराणी तिच्या खांद्याला खांदा लावून बसली आहे, आज एकही टोमणा नाही. नंबर लागला. वाजतोय. रुचिकाचा अंगठा लाल खुणेवर टेकलेला, आत्ता बंद करेल की मग. वर्षाराणीने तो अंगठा हळूच बाजूला केला.

वाजायचं थांबलं. पलीकडे कोंबड्यांचा कालवा, कुठेतरी पंपाची घरघर.

"हॅलो," रुचिका म्हणाली. "देवमनभाऊ हायेत का?"

"देवमन वावरात गेला," बाईचा आवाज आला. "मी त्याची बहीन, साधना. बोला ना, कोन बोलून राह्यलं?"