पुरातलं माहेर

नदीला पूर आला की लोक जडशीळ शिसं लावून मधोमध गळ फेकतात आणि हात हलवत घरी येतात. धारेशी झुंजायला मासा काही खुळा नाही. तो काठाला सरकतो, आडोशामागच्या संथ पाण्यात अंग टाकतो. बाबा वाळलेलं पान टाकून बघायचे. पान वाहून न जाता उलटं फिरलं की मासे तिथेच. पडक्या पुलाच्या खांबामागे अशी जागा होती. दमलेले मासे टेकायला येतात म्हणून बाबा तिला माहेर म्हणायचे.

हे ठाऊक होतं फक्त मला आणि माझ्या धाकट्या भावाला. शेवटच्या आजारपणात बाबांनी दोघांकडून शब्द घेतला होता, बाहेर बोलायचं नाही. पुराच्या दिवसांत माझी चूल त्या जागेवरच चालते. भावाला हौशी गळवाल्यांच्या क्लबात वाटाड्याची नोकरी लागली, तेव्हा गावभर मीच मिरवले. मूर्ख मी!

आज सकाळी टोपली घेऊन गेले, तर खांबाला दोरी बांधलेली, वर पाटी: 'माहेर. फक्त सभासदांसाठी.' रेनकोटातली पाच-सहा माणसं गळ टाकून बसलेली आणि मध्ये भाऊ.

"बाई, इथे नका येऊ," क्लबचे सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. "जागा आमच्या वाटाड्याने शोधलीय. नाव पण काय झकास दिलंय!"

भावाने मान वर केली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. जागा दिली ती दिली, बाबांचा शब्दसुद्धा पाटीवर टांगला!

मी वळले. थोड्या वेळाने तो धापा टाकत मागून आला.

"ताई, पाणी आणखी हातभर चढलंय. पान फिरतच नाही गं. मासे कुठे गेले असतील?"

त्या खांबाला एक लोखंडी कडी आहे. पाणी तिच्यावर चढलं की मासे बुडालेल्या गवतात शिरतात. बाबा हे सांगत होते तेव्हा हा घोरत होता.

"मला काय विचारतोस? मी कुठे सभासद आहे?"

तो तिथेच उभा राहिला. पुढे वाटेत बुडालेलं गवत लागलं. वारा नव्हता, तरी पाती हलत होती. नुसती टोपली बुडवली असती तरी भरली असती. पण मी कुठे थांबते ते भाऊ मागून बघत होता. रिकामी टोपली काखोटीला मारून मी तशीच घरी आले.