दारामागची खुंटी

खुंटी

दारामागे एकच खुंटी. घर बांधणाऱ्याने एकच ठोकली आणि पुढे कुणाला दुसरी ठोकावीशी वाटली नाही. आधी तिच्यावर बाबांचा कोट असायचा, मग दादाचा. बाकीच्यांचे कोट खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या कठड्यावर, जमेल तिथे. कामावर गेलेला माणूस परत येणार, कोट खुंटीला लावणार, तो बघून आई दाराला कडी घालणार. खुंटी रिकामी, तर कडी नाही. घरचा कायदा.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो गेला त्या दिवशी ऊन होतं, म्हणून कोट घरीच होता.

आईला आम्ही सांगितलं. तेव्हा ती रडली. मग तिचं विसरणं वाढत गेलं आणि ते रडणंही त्यात गेलं. राहिला दारामागचा कोट. तो दिसला की ती ओठांवर बोट ठेवायची. "हळू बोला गं. झोपलाय तो."

मी त्याची धाकटी बहीण. शिकवण्या घेते, घरीच असते. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दादा आतल्या खोलीत झोपलाय असं कुणीतरी रोज सांगणं.

मग कपडे गोळा करणारी गाडी आली आणि वहिनीने कोट देऊन टाकला.

तेव्हापासून आई दाराशी स्टुलावर बसून आहे. जेवायला उठत नाही. पलंगावर जात नाही, बसल्या बसल्या डुलक्या काढते. पाय सुजलेत. दर थोड्या वेळाने विचारते, "अजून आला नाही?"

गल्ली

गाडीवाला म्हणाला, बरे कपडे जुन्या बाजाराच्या गल्लीत जातात.

शेजारच्या मावशींना आईजवळ बसवून आम्ही दोघी निघालो. या गल्लीत पूर्वी गरजू यायचे, आता हौशी येतात. एकाच कपड्याला डावीकडच्या दुकानात जुना म्हणतात आणि उजवीकडच्या दुकानात व्हिंटेज. काचेमागे डोकी नसलेले पुतळे, त्यांच्या अंगावर कुणाकुणाच्या मावश्यांचे झगे. फुटपाथवर बुटांच्या रांगा, आतून बोटांचे ठसे उमटलेले.

"कोट ओळखाल ना?" मी विचारलं.

"संसार केलाय मी त्याच्याशी," वहिनी म्हणाली. "माणसापेक्षा कोटच जास्त दिसायचा घरात."

"मग देताना हात कसा धजला?"

ती पुढच्या दुकानात शिरली.

ढीग

डांबराच्या गोळ्यांचा वास. दुकानदाराचे दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. आम्ही त्याला चष्मेवाला म्हणायला लागलो.

"काय हवंय?"

"पुरुषांचा कोट. निळा, जाड लोकरीचा. कोपरांना ठिगळं."

"ठिगळं कंपनीची की घरची?"

"घरची."

"मग समोरच्या पांढऱ्या दुकानात बघा. घरच्या ठिगळांना हल्ली मान आहे. माझ्याकडे सगळे धड कपडे, म्हणून तर कुणी फिरकत नाही."

तरी मी ढीग उपसला. आणि मिळाला एक. तोच निळा, तशीच कॉलर, खांदेसुद्धा तसेच उतरते. ठिगळं तेवढी नव्हती.

"आई फसायच्या नाहीत," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला कोट परत यायलाच नकोय."

चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि दुसरीकडे बघायला लागला. मी कोट बांधून घेतला.

पाहुणा

मी तो खुंटीला लावला. आई स्टुलावरून उठली. जवळ आली आणि उजव्या खिशात हात घातला.

हे मी विसरले होते. दादाच्या खिशात पेचकस असायचे. अस्तर सारखं फाटायचं. शेवटी आईने ते काढून टाकलं आणि उशीच्या जुन्या अभ्र्याचा खिसा शिवून आत बसवला. मऊ, फुलाफुलांचा. या कोटाचं अस्तर गुळगुळीत होतं.

आईने चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला.

"कोण आलंय?"

"दादा, आई."

"त्याला मी जन्माला घातलाय, मला शिकवू नकोस." तिने पदराला हात पुसला. "परके आहेत कुणीतरी. चहा टाका त्यांना." मग वहिनीला जवळ ओढून कानात, "मुक्कामाला आलेत का गं?"

मी कोट खुंटीवरून काढला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून वहिनीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. आई स्टुलावर परत बसली.

वहिनी "बघ, मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कपड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, पांढरं दुकान

एकमेव नग.
धड: डेनिम.
बाह्या: लोकर, कामगाराच्या कोटाच्या.
कोपरांवर मूळ ठिगळं, हाताने लावलेली.
फक्त कोरडी धुलाई.

बाह्या

दुसऱ्या दिवशी. वहिनीला आधी दिसल्या.

पांढऱ्या भिंती, लांबच लांब दांडी, तिच्यावर मोजकेच कपडे, एकमेकांशी भांडण असल्यासारखे लांब लांब. त्यातलं एक जाकीट. धड कुणा दुसऱ्याचं. बाह्या दादाच्या.

ठिगळांची मला खात्री होती. आईने जुना पडदा कापून लावलेली, एक गडद तपकिरी आणि एक जरा फिकट.

दुकानातली मुलगी पुढे आली. केस अर्धे पिकलेले, पण रंगवून पिकवलेले.

"सुंदर आहे ना? दोन ठिगळं दोन रंगांची. यामागे काहीतरी गोष्ट असणार."

"आहे," वहिनी म्हणाली. "पडदा पुरला नाही."

मुलगी हसली. मग वहिनीने बाही हातात धरलेली तिला दिसली. कापड बघताना धरतात तशी नाही. रस्ता ओलांडताना धरतात तशी. तिचं हसू थांबलं.

"बाकीचा कोट कुठे आहे?" मी विचारलं.

"वर असेल. कापणारीकडे. आमचे सगळे कपडे तीच सोडवते आणि तीच जोडते."

खिसे

जिना अरुंद. वरच्या खोलीत भिंतीला एक लांब टेबल, त्यावर निम्म्या पँटी, कॉलर नसलेले शर्ट, शर्ट नसलेल्या कॉलरी. कापणारी मोठ्या अंगाची बाई. टाचण्या तिने स्वतःच्याच बाहीला टोचून ठेवलेल्या.

"निळा लोकरी? त्याच्या धडाचं बिनबाह्यांचं जाकीट केलं. गेलं ते. एका पोरीने घातलं आणि तशीच चालत गेली."

"परत जोडता येईल? बाह्या खाली आहेत."

"शिवलेलं उसवता येतं, ताई. कापलेलं कसं जोडू?"

मग आमची तोंडं बघून तिने टेबलाखालून एक टोपली ओढली. टोपलीभर खिसे. नुसते खिसे, जिभांसारखे लोंबणारे.

"हे आधी काढते मी. दुसऱ्याच्या खिशात हात घालायला लोकांना कसंतरीच वाटतं. फेकायला मात्र मला होत नाही. बघा, असला तर."

वहिनीने बघितलं नाही. टोपलीत हात घालून ती चाचपत राहिली आणि एक बाहेर काढला. फुलं धुऊन धुऊन फिकटलेली. तिने त्यात मनगटापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा नखांत लोखंडाचा काळा भुगा होता.

"आमच्या लग्नातली उशी," ती म्हणाली.

मी टोपली उचलून धरली.

"तुला वाटतं, मला तो डोळ्यांसमोर नको होता."

मला तेच वाटत होतं.

"दिवसभर काम करून घरी येते. दार उघडलं की आई ओठांवर बोट ठेवतात. झोपलाय तो. मग मी चपला हातात घेऊन आत जाते. ताट आवाज न करता मांडते. पाणी पिते तेसुद्धा चोरून. तुम्ही दोघी कुजबुजता, मी कुजबुजते. तो गेल्यापासून एकदा, एकदा तरी मोठ्याने रडले का मी? ऐकलंस कधी?"

"नाही."

"तो उठेल म्हणून."

कापणारी मशीनपाशी जाऊन बसली, दोरा काढून बाजूला ठेवला आणि पाय मारायला लागली. सुईखाली कापड नव्हतं. नुसतंच मशीन चालत राहिलं, खडखडत, खोलीभर, खालच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या जोरात.

त्या आवाजात वहिनी रडली.

मी टोपली धरून उभी होते. कुठे ठेवायची ते सुचत नव्हतं.

कडी

बाह्या आम्ही घेतल्या नाहीत. निघताना वहिनी म्हणाली, "राहू दे. कुणाच्या तरी अंगावर फिरू दे त्या." फुलांचा खिसा तिने स्वतःच्या कोटाच्या खिशात कोंबला.

घरी आलो. आई स्टुलावर, मावशी पेंगलेल्या. वहिनीने कोट काढला आणि खुर्चीकडे गेली. खुर्चीवर पाहुण्यांचा कोट. ती क्षणभर हातात कोट घेऊन उभी राहिली, मग वळली आणि खुंटीला लावला.

आई उठली. कोटाच्या खिशात हात घातला. फुलांचा खिसा बाहेर आला.

मला वाटलं, आता म्हणेल, आला.

आईने खिसा उलटा करून उजेडात धरला. "उसवलाय हा. कुणाचा कोट?"

"माझा," वहिनी म्हणाली.

"तू कामावर जातेस?"

"रोज जाते, आई."

"मला कुणी सांगितलं नाही." आई जराशी रागावलीच. मग म्हणाली, "दमली असशील." आणि मग, "आणि तो?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळेही खाली घातले नाहीत. एवढंच मला जमलं.

"तो गेला, आई." ती कुजबुजली नाही. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी साध्या आवाजात बोललं, आणि तेच इतकं मोठं वाटलं की मावशी जाग्या झाल्या.

आईने दाराकडे बघितलं. तिचा हात खिशावरच्या फुलांवरून फिरत होता.

"हो का," ती म्हणाली.

मग तिने दाराला कडी घातली आणि भिंत धरत पलंगाकडे गेली. आम्ही दोघी मागून तिचे सुजलेले पाय बघत होतो.

अस्तर

ती ते पुन्हा विसरली. मग पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा सांगितलं, ती पुन्हा रडली. एकदा रडता रडता तिने दोरा ओवून मागितला आणि फुलांचा खिसा वहिनीच्या कोटात शिवून टाकला. टाके वाकडे आलेत. वहिनी तोच कोट घालून कामावर जाते.

म्हणून दिवसभर खुंटी रिकामी दिसते आणि दुपारनंतर आई स्टूल ओढून दाराशी बसते.

"सूनबाई अजून आली नाही?"

"येईल," मी म्हणते.

खुर्चीवरच्या पाहुण्यांकडे बघून ती आवाज उतरवते. "हे कधी जाणार गं?"

"जातील."

मग जिन्यावर पावलं वाजतात. चपला पायांतच असतात, ऐकू येतात. आई उठून उभी राहते.