कुबिकांच्या घरची दोन मतं

एल्मर कुबिकने सकाळीच ठणकावून सांगितलं, यंदा मी मत द्यायला येणार नाही.

अरासेली हातातलं काम टाकून त्याच्या खुर्चीपुढे आली. ती त्याची सून, ग्वातेमालाची. याच उन्हाळ्यात शपथ घेऊन अमेरिकेची नागरिक झालेली. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि मतदार एकमेकांना नावानं हाक मारण्याइतकेच. तिला तिचं पहिलं मत द्यायचं होतंच, पण त्याहून जास्त सासऱ्याला घराबाहेर काढायचं होतं. हिवाळ्यात सासू गेल्यापासून म्हातारा गुरं आणि खुर्ची सोडून कुठं हललाच नव्हता.

"बाबा, चला ना. मी गाडी काढते."

"कशाला? जन्मभर मी एका पक्षाला मत दिलं, तुझ्या सासूनं, नॅडीननं, दुसऱ्याला. तिचं मत माझं खोडायचं, माझं तिचं. एकाच गाडीतून जायचो, भांडत."

"मग दोघं घरीच का नाही बसलात?"

"एकदा ठरवलं होतं तसं. मी कुंपण नीट करून येतोय, तर बाईसाहेब गुपचूप मत देऊन, मतदान केंद्रावरचा दालचिनीचा रोल खात परत!" तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. "आता माझं खोडायला कोण आहे? एकट्यानं मत द्यायचं म्हणजे तिला फसवल्यासारखं वाटतं गं."

अरासेली त्याच्याशेजारी बसली. "देणार होतात कुणाला?"

त्यानं नाव सांगितलं.

"शी! त्याला?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. "म्हणजे तू त्या दुसऱ्याला देणार? माझं मन राखायला सांगत नाहीस ना?"

"मन राखायचं असतं तर तुमच्याच माणसाला नसतं का दिलं?"

"नॅडीनइतकीच खुळी आहेस," तो मायेनं म्हणाला. "माझी टोपी कुठाय?"

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, म्हणजे गावच्या मतदान केंद्रावर, नेहमीसारखा राजम्याचा रस्सा उकळत होता, शेजारी रोलचा ट्रे. मतदारांची नावं तपासणारी लोरेन त्याला पाहून उठलीच.

"आलास रे एल्मर! नॅडीन गेली आणि आपल्या काउंटीतलं एक मत कमी झालं बघ."

"कमी कुठं झालंय?" एल्मरनं सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. "घेऊन आलोय ना."