न मिळालेल्या व्याजाचा कर

आर्डिस टोफ्टनं नवऱ्याला सोडायचं ठरवलं, त्याला वीस वर्षं झाली. ती अजून गेली नव्हती, पण त्याचं कारण प्रेमबिम काही नव्हतं. रोख्याची मुदत संपायची होती, एवढंच.

ठरवलं ते सेल्मा मावशीच्या मयताहून परत येताना. या मावशीनं तिला लहानाचं मोठं केलेलं. परतीच्या तीनशे मैलांत आर्डिस रडत होती, नवरा हार्लन गाडी चालवत होता आणि सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, "डावीकडच्या चाकात हवा कमी आहे." हवा खरंच कमी होती. आता, मिनेसोटातल्या बायका एवढ्यावरून घर सोडत नाहीत. सोडायला लागल्या तर राज्यात नुसते पुरुष आणि मासे उरतील. पण आर्डिसनं त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली, की या मुक्या माणसाबरोबर म्हातारं व्हायचं नाही.

मावशीनं तिच्यासाठी एक शिवणयंत्र आणि पंधरा हजार डॉलर मागे ठेवले होते. हार्लनला तिनं शिवणयंत्र दाखवलं आणि पैशांबाबत मूग गिळले. मग शेजारच्या गावात जाऊन एका दलालाला म्हणाली, "असं काहीतरी द्या, की घरी चेक येणार नाही. दर महिन्याला नाही, दर वर्षालाही नाही."

"मग हा रोखा घ्या," दलाल म्हणाला. "आज पंधरा हजारांना मिळेल. वीस वर्षांनी चाळीस हजार हातात. मधल्या काळात एक दमडी येणार नाही."

आर्डिसला तो रोखा फार आवडला. दलालानं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. रोखा दर वर्षी थोडा थोडा वाढतो, आणि ती वाढ म्हणजे तुमचं व्याज, असं सरकार धरून चालतं. पैसे वीस वर्षांनी मिळोत, कर ज्या त्या वर्षी द्यायचा. आणि त्या वर्षीचं व्याज किती, हे सांगणारा कागद दर जानेवारीत टपालानं थेट घरी येतो. पहिला कागद आला तेव्हा हार्लन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता, म्हणून निभावलं.

आर्डिसनं दलालाला फोन लावला. "मला काही मिळालंच नाही, तर कर कशावर?"

"वाढले ना पैसे, बाई."

"कुठे वाढले? मला तर दिसले नाहीत."

"सरकारला दिसतात."

यावर तिनं फार वाद घातला नाही. न दिसणाऱ्या गोष्टींवर भरवसा ठेवून दर रविवारी चर्चच्या ताटात पैसे टाकायची तिला लहानपणापासून सवय होती. हे त्यातलंच आणखी एक, असं म्हणून तिनं मान्य केलं.

अडचण वेगळीच होती. नवरा-बायकोचं कराचं विवरण एकत्र जायचं आणि दर मार्चमध्ये ते हार्लन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरायचा. त्याच्या हातात हा कागद देणं शक्य नव्हतं. कर बुडवणंही शक्य नव्हतं. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून उरलेला पाव कधी घरी न नेलेली बाई ती. मग तिनं स्वतःपुरता तोडगा काढला. दर एप्रिलमध्ये ती पेन्सिलनं कर काढायची, वर पाच डॉलर घालायची, दूरच्या गावच्या टपाल कचेरीतून मनीऑर्डर करायची आणि सोबत चिठ्ठी लिहायची, 'हा व्याजावरचा कर आहे. कृपया नाव विचारू नये.' सरकारनं एकदाही उत्तर दिलं नाही. तिनं ते आभार समजले, कारण तिच्या माहितीतले बहुतेक लोक आभार असेच मानायचे.

विवरण भरून झालं की हार्लन ते, ती बटाटे सोलत असताना, तिच्यासमोर सरकवायचा, सहीच्या जागी बोट ठेवायचा आणि ती ओल्या हातानं, न वाचता सही ठोकायची. अशी वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि चाळीस हजार डॉलर तिच्या एकटीच्या खात्यात येऊन पडले. तिनं डुलुथ शहरात लोकरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या बघितल्या. खिडकीतून अख्खं तळं आणि खनिज वाहणाऱ्या बोटी दिसत होत्या. अनामत भरली. किल्ल्या एक एप्रिलला मिळणार होत्या. कराचं काम उरकलं की हार्लनला सांगायचं, असा तिचा बेत होता. माणसाला ऐन करात सोडून जाणं तिला असभ्य वाटत होतं.

पण यंदा हार्लनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याला आकडे दिसेनात. म्हणून मार्चच्या एका मंगळवारी दोघं चर्चच्या तळघरात हजर झाली. तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांची विवरणं फुकटात भरून देतात.

तळघरात पाच घडीची टेबलं होती आणि टेबलांमध्ये भिंत सोडा, पडदाही नव्हता. सगळ्यांना सगळं ऐकू यायचं आणि रविवारी सगळे काही ऐकलंच नाही असे वागायचे. त्यांच्या वाट्याला वेन्डल आला. त्यानं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि अजूनही तो माणसांना 'बसा' म्हणायचा ते दटावल्यासारखं.

चर्चमधली लव्हॉन कॉफीची किटली घेऊन आली. "कॉफी?"

"नको गं, उगाच तुला त्रास," आर्डिस म्हणाली.

"त्रास कसला?"

"नको खरंच."

"केलेलीच आहे, उरली तर टाकावी लागेल."

"मग अर्धा कप दे." लव्हॉननं काठोकाठ भरला, कारण अर्ध्याचा अर्थ तोच असतो. सोबत लिंबाची वडी ठेवली. हार्लनलाही एक कप दिला.

"ओळखपत्रं," वेन्डल म्हणाला. "पेन्शनचे कागद. बँकेचे. मागच्या वर्षीचं विवरण."

हार्लननं बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. मागितलं होतं एका वर्षाचं, यानं आणली होती सगळ्या जन्माची. आर्डिसनं पर्स मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी. आत जानेवारीत आलेलं पाकीट होतं.

"आणखी काही कागद?" वेन्डलनं विचारलं.

हार्लननं कपाचा कान चाचपला. आर्डिस म्हणाली, "नाही." हे तिनं तोंडानं उच्चारलेलं पहिलंच सरकारी खोटं. तिचे कान तापले. मनीऑर्डर करूच, यंदा वर दहा डॉलर घालू, असं तिनं स्वतःला बजावलं.

वेन्डल खोक्यातलं मागच्या वर्षीचं विवरण काढून यंदाच्या आकड्यांशी ताडून बघायला लागला. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? रोख्याचं व्याज, अठराशे बारा डॉलर. यंदा याचा कागद आला नाही का?"

आर्डिसला वाटलं, तो दुसऱ्याच कुणाचं तरी विवरण वाचतोय. वेन्डलनं त्याच्या मागचं वर्ष काढलं. "सतराशे सव्वीस." त्याच्या मागचं. "सोळाशे चव्वेचाळीस. दरवर्षी आहे की हे."

तिनं कागद त्याच्या हातातून ओढून घेतले. प्रत्येक वर्षी ती ओळ होती, हार्लनच्या ठोकळेबाज अक्षरात. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी तिची सही होती.

"हार्लन," ती म्हणाली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

हार्लननं कप बशीत एकदा गोल फिरवला. "नोटीस आली होती. व्याज दाखवलं नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी. तू शाळेत होतीस."

"आणि पुढचे आकडे?"

"शिवणयंत्राच्या झाकणाखाली असायचे."

"माझ्या यंत्रात हात घालत होतास?"

"परत ठेवत होतो. तसाच."

"चांगलंय की मग," वेन्डल मध्ये पडला. त्याला भांडण मिटवायची सवय होती. "कर वेळच्या वेळी भरलाय. काही राहिलेलं नाही."

"भरलाय काय? मीसुद्धा भरलाय!" आर्डिसनं मनीऑर्डरींची हकिगत सांगितली, पाच डॉलरांसकट.

वेन्डलनं चष्मा काढला. "म्हणजे एकाच व्याजावर दोनदा? तेही न मिळालेल्या?" तिसऱ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.

"परत मिळतील का?"

"नाव लिहिलं होतंस?"

"नव्हतं."

"मग विसर. सरकारनं तुझ्या नावानं एखादा पूल बांधला असेल, नाव न लिहिता."

लव्हॉन हसली आणि पटकन खोकली. आर्डिसला हसू आलं नाही. तिनं खुर्ची हार्लनकडे वळवली. "विचारलं का नाहीस मला? पैसे कुठून आले, कशासाठी ठेवले?"

"कशासाठी ते कळलं होतं."

"कसं कळलं?"

"बायको नवऱ्यापासून लपवून वीस वर्षांचा रोखा घेते, तो काही नव्या पडद्यांसाठी नाही." तो थांबला. संपलं असं सगळ्यांना वाटलं, पण तो पुन्हा बोलला. "दर जानेवारीत तू माझे बूट घालून बर्फातून पत्रपेटीकडे धावायचीस. मी खिडकीतून बघायचो. पाकीट आलं म्हणजे पैसे अजून तिथेच आहेत. म्हणजे तू आणखी एक वर्ष आहेस. मग मी आकडा उतरवून घ्यायचो."

लग्नातल्या शपथेनंतर तो इतकं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लव्हॉननं किटली खाली ठेवली आणि एप्रनला डोळे पुसले. अठरा वर्षं हा माणूस तिच्या जाण्यावरचा कर भरत होता. क्षणभर आर्डिसला त्याची भयंकर माया वाटली, आणि त्याच्या पुढच्या क्षणाला असा संताप आला की हातातल्या वडीचा चुरा झाला.

"अठरा वर्षं!" ती म्हणाली. "नोटीस लपवलीस. दंड भरलास. कर भरलास. दरवर्षी ते अवजड झाकण उचललंस. अरे, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा एक वाक्य बोलला असतास तर फुकटात काम झालं असतं!"

"कोणतं वाक्य?"

"तेही मीच सांगू?"

आर्डिसनं पर्स उघडली आणि पाकीट वेन्डलसमोर आपटलं. "हा घे यंदाचा कागद. शेवटचा. मुदत संपली, पैसे मिळाले, पुढच्या जानेवारीत काही येणार नाही. डुलुथला खोल्या घेतल्यात मी. एक एप्रिलपासून."

बाकीच्या चारी टेबलांवरची माणसं आपापल्या कागदांत डोकं खुपसून बसली. हार्लनचा चेहरा पडला. त्यानं मान कपावर झुकवली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"कपाला सांगतोयस की मला?"

त्यानं गढूळ डोळे वर केले आणि तिचा चेहरा असेल त्या दिशेनं बघितलं. "आर्डिस, जाऊ नकोस."

त्या तळघरात चर्चच्या छपरासाठी वर्गणी सोडली तर कुणी कुणाकडे तोंडानं काही मागितलेलं नव्हतं. हे ऐकायला मिळालं तर आपण विरघळून जाऊ, असं आर्डिसला वीस वर्षं वाटत आलं होतं. आता मिळालं, आणि ती काही विरघळली नाही. रडू आलं, बरं वाटलं, पण तळ्याकडची ती खिडकी हवी होती ती हवीच होती.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

हार्लननं मान डोलावली. कागद चाचपून गोळा केले, खोक्यात भरले आणि टोपी उचलली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

"बस खाली!" हे आर्डिस म्हणाली, पण इतक्या जोरात की उठू पाहणारा वेन्डलही बसला. "मी नाही म्हटलं की झालं? एवढंच होतं तुझ्याकडे? आणखी काही विचारावंसं वाटत नाही?"

हार्लन टोपी हातात फिरवत उभा राहिला. करातली एखादी अवघड ओळ असावी तसा तो विचार करत होता. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी जायला परवानगी मागत असल्यासारखा म्हणाला, "मी येऊ का?"

आर्डिसनं उत्तर द्यायची घाई केली नाही. तिनं उरलेली कॉफी संपवली, गार झाली होती तरी. "तिथे येऊन गप्प बसणार असशील तर नको. गप्प बसायला इकडचं घर आहे."

"बोलेन."

"काय बोलशील?"

"ते माहीत नाही. पण बोलेन."

वेन्डलनं घसा खाकरला. विवरण अजून अर्धंच झालं होतं आणि मागे रांग होती. "पत्ता कोणता लिहू? सरकारची पत्रं कुठे पाठवायची?"

"सध्या जुनाच लिही," आर्डिस म्हणाली. "तीन आठवडे आहेत. बोलतो का बघते आधी."

हार्लन टोपी मांडीवर ठेवून खाली बसला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, बोलायला लागला. पहिलं वाक्य अडखळलं. दुसरं त्याहून वाईट गेलं. आर्डिसनं त्याला थांबवलं नाही. पुढचा नंबर ताटकळत उभा होता, पण त्यालाही कुणी हाक मारली नाही.