लिबर्टाइनचं घर

लाल हेल्मेट, काच ओरखडलेली.
रोम.
चहात बुडालेलं बिस्किट.
कुंडमचा रस्ता.
"थँक यू, सर."

हे शेवटचं नागसेन बोलला, आणि भर मीटिंगमध्ये बोलला. गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला असताना इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक अच्युत सर म्हणाले, "नागसेन, तुमची एकता फार लिबर्टाइन होत चालली आहे." त्याची मुलगी एकता शहराबाहेर कुंडमच्या शाळांत नाटकं बसवते आणि सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर उशिरा परतते. नागसेनला वाटलं, लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य, म्हणजे हे कौतुकच. त्यानं छाती फुगवून आभार मानले.

घरी बायकोनं मोबाइलवर अर्थ काढला. "बदफैली! आणि तुम्ही थँक यू काहून म्हटलं? उद्या पोरीला जाऊ देऊ नका."

एकतानं नुसतं बाबांकडे पाहिलं. शिवीपेक्षा ते पाहणं त्याला जास्त लागलं.

मग त्यानं शब्दाचं मूळ खणलं. रोममध्ये गुलामीतून सुटलेल्यांसाठी हा शब्द होता. पुढे तो धर्माचं न ऐकणाऱ्यांना चिकटला, मग बदफैल्यांना. सुटलेला माणूस डोळ्यांत खुपतोच! नागसेननं आरशासमोर हातवाऱ्यांसह भाषण पाठ केलं.

सकाळी तो अच्युत सरांच्या दारात वाघासारखा उभा राहिला.

"या, चहा घेता?"

"चालेल सर. साखर कमी."

वाघ सोफ्यावर बसला, त्यानं बिस्किट बुडवलं. रोम घशातच अडकलं. "टाकीचं काय ठरलं, सर?"

तेवढ्यात उघड्या दारासमोरून एकता जिना उतरली, हेल्मेट हातात घेऊन.

"काय गं, आजही कुंडम? बाबांना चालतं?" सरांनी विचारलं.

एकता थांबली. पुन्हा तेच पाहणं.

"सर, ती लिबर्टाइनच आहे." नागसेनचा आवाज चिरका निघाला. "मीही आहे. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून आमचं घरच सुटलेल्यांचं आहे."

पुढचं भाषण आठवेना. बिस्किट तुटून कपात पडलं, चहा पँटवर उडाला.

"बाबा, पँट!" एकता हसून राहिली होती. "मी जाऊ?"

"जा. उशीर झाला तरी चालेल."

तिनं हेल्मेट घातलं.

रोममध्ये गुलामाची सुटका झाली की त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवत.