बुधवारी अकराला येणारा आत्मा

"विज्ञान जिथे हात टेकतं, तिथून माझी सत्ता सुरू होते!" बाबा गरजले आणि लगेच म्हणाले, "पंखा कुठल्या बटणावर आहे?"

आमचा कारखाना औषधाच्या बाटल्या भरण्याचा. दीडशे माणसं मशीनभोवती हात जोडून उभी होती. कारणही तसंच होतं. तीन महिने झाले, दर बुधवारी बरोबर अकराला बाटल्या भरणारं मशीन बंद पडायचं. चालू करावं तर पुन्हा बंद. मशीनवरचा जुना फोरमन बुधवारीच वारला होता आणि आता त्याच्या खुर्चीत त्याची सून बसत होती. मशीन तिला शिकवलं होतं त्यानंच. एवढ्या सामग्रीवर बाबांनी झकास भूत शिजवलं.

बाबांची अट एकच. विधीला झाडून सगळे हजर हवेत, प्रशिक्षण वर्गातले शिकाऊसुद्धा. गेले दोन बुधवार बाबा आले आणि मशीन सुरळीत चाललं! मग कोण बोलणार?

आज निकाल होता. बाबा सुनेच्याच खुर्चीत पाय पसरून बसले होते.

"सासरा कोपलाय," त्यांनी डोळे फिरवले. "सून खुर्ची सोडेल, तेव्हाच तो मशीन सोडेल."

साहेबांनी बदलीचा कागद पुढे केला. "ताई, सही करा. पॅकिंगला जा. लोक घाबरलेत."

"नाही करणार. मामंजी जिवंतपणी मला एका शब्दानं बोलले नाहीत. मेल्यावर कशाला सुरुवात करतील?"

"उद्धट!" बाबा कडाडले.

"उद्धट तर उद्धट. साहेब, पाच मिनिटं द्या. भुताला मीच बोलावते."

कारखान्याचे वायरमनकाका कधीच गर्दीतून सटकले होते. तिनं फोन कानाला लावला. "काका, करा चालू."

चालतं मशीन खडखडलं आणि थांबलं. गर्दीत किंकाळी उठली.

"आला! आला!" बाबा ओरडले.

"बंद करा, काका." तिनं मशीनचं बटण दाबलं. बाटल्या पुन्हा धावू लागल्या.

"गेला!" बाबा म्हणाले.

"चालू." मशीन थांबलं. "बंद." बटण दाबताच मशीन चाललं. खुर्चीतल्या बाबांचं 'आला-गेला' दर वेळी थोडं मागे पडत होतं.

"भूत फारच आज्ञाधारक आहे बुवा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

काका प्रशिक्षण वर्गातून काखेत एक डबा घेऊन आले. "हे घ्या भूत. झटकून आणलंय."

"हा जुना कंट्रोलर, मशीनच्या झडपा सांभाळणारा," सून म्हणाली. "मामंजी गेले त्याच महिन्यात बदलला. नव्याला नेटवर्कवरचा याचाच पत्ता दिला, ते बरोबर. पण याला शिकाऊंना दाखवायला वर्गात नेलं आणि पत्ता न बदलता त्याच नेटवर्कला जोडलं. मुख्य संगणक विचारतो, झडप उघडी की बंद? एकाच पत्त्यावरून एक सांगतो उघडी, दुसरा सांगतो बंद. मग मशीन थांबतं. वर्ग कधी भरतो? बुधवारी, अकराला. मधे एका बुधवारी वर्गाला सुट्टी होती, तर मामंजींनीही सुट्टी घेतली! तेव्हाच मला शंका आली."

"पण बाबा आले की कसं चालायचं?"

"साहेब, सगळे शिकाऊ इथे हात जोडून उभे. वर्गात याचं बटण दाबायला उरायचं कोण?"

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अट गर्दीसाठी घातली होती, फळली इतकंच.

काकांनी जुन्या डब्याला वेगळा पत्ता दिला. मग सगळ्या यंत्रांचे पत्ते एका कागदावर लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवले. मशीन बिचारं साधं. दोन उलट उत्तरं आली की थांबतं. माणसाला तेवढं जमायला काय हरकत आहे? थांबावं, एकेक वायर काढून पाहावी आणि मगच हात जोडायचे की नाही ते ठरवावं.

साहेबांनी बदलीचा कागद फाडला, घसा खाकरला आणि भाषणाला सुरुवात केली, "आज मानवी बुद्धीचा ऐतिहासिक विजय..."

"बाबा," सून मधेच म्हणाली, "जरा उठता का? माझी खुर्ची आहे."